पलंगाला सहा इंच उतार

पलंगाची एक बाजू सहा इंच उचलायची, काम एवढंच होतं. पाटबंधारे खात्यात ज्याची उभी हयात गेली त्याने सहा इंचांची धास्ती घ्यावी असं त्यात काही नव्हतं. मी डोंगराच्या कडेने कालवे नेले आहेत, भलतीकडे वळू पाहणाऱ्या पाण्याला सरळ केलं आहे. पण या सहा इंचांसाठी मला दोन डॉक्टर, एक सुतार, सोसायटीची परवानगी आणि शेजारणीची सही लागली. आणि इतकं सगळं करून एका सकाळी मी त्याच पलंगावर पडलेलो असताना लोक माझ्याबद्दल भूतकाळात बोलत होते, ते मला ऐकून घ्यावं लागलं.

सुरुवात भिंतीपासून करतो, कारण माझा अपमान तिथून होत होता.

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीत माझी बेडरूम आणि शेजारच्या विजयमालाबाईंची बेडरूम यांच्यामध्ये एकच भिंत आहे. ती बांधताना बिल्डरने सिमेंटच्या बाबतीत फार संयम पाळला असावा, कारण पलीकडे कपाटाचं दार लागलं तरी इकडे कळतं. विजयमालाबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या. जुन्या काळी ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या. लग्न केलं नाही, एकट्याच राहतात, आणि जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे असेल, स्वतः फारशा बोलत नाहीत. आमचं भांडण नव्हतं. भांडण व्हायला आधी बोलणं व्हावं लागतं. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे बघत उभे राहायचो.

तर मला रात्रीचा खोकला सुरू झाला. आडवं झालं की पोटातून आंबट पाणी घशापर्यंत यायचं, घसा जळायचा आणि खोकला यायचा. खोकलो की पलीकडून भिंतीवर टकटकटक. मी शरमेने तोंडावर पांघरूण घ्यायचो, पण खोकला दाबला की दुप्पट जोराने बाहेर पडतो, हा निसर्गाचा नियम आहे. मी परत खोकायचो. मग मात्र भिंत गप्प व्हायची. म्हणजे बाईंनी समज दिली, हा निर्लज्ज माणूस त्यावर मुद्दाम खोकला, आणि बाईंनी वैतागून नाद सोडला, असा त्याचा सरळ अर्थ मी लावला. हे रोज व्हायचं. नवरा घोरला तर बायको त्याला कोपराने ढोसते, तो तिचा हक्कच आहे. पण शेजारणीने भिंतीतून ढोसावं, आणि ढोसायला हक्काचं माणूस घरात नसताना ढोसावं, हे माझ्या फार मनाला लागलं.

हक्काचं माणूस मेलबर्नला आहे. आमच्या पूर्वाला मुलगा झाला म्हणून जया गेली. मग नातू बसायला लागला, रांगायला लागला, चालायला लागला, आणि प्रत्येक वेळी ‘एवढं झालं की येतेच’ असं ती म्हणत राहिली. आता नातू बालवाडीत जातो आणि त्याला सोडायला कुणीतरी लागतं. मीही गेलो होतो. तिथे करमेना म्हणून परत आलो. इथेही करमत नाही हे मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण मग परत कशाला आलात असं विचारतील.

खोकल्याबरोबर आवाजही बसला होता, पण ते मला फार उशिरा कळलं. घरात एकटा माणूस बोलणार कुणाशी? पहिल्यांदा ते एका यंत्राच्या लक्षात आलं. बँकेच्या फोनवर रेकॉर्ड केलेल्या बाईने मला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायला सांगितलं. मी ‘होय’ म्हणालो. ‘क्षमस्व, आपलं उत्तर समजलं नाही,’ बाई म्हणाली. मी पुन्हा म्हणालो, तिने पुन्हा क्षमा मागितली. सरकारी नोकरीत इतक्या अदबीने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं, म्हणून मी बराच वेळ फोन ठेवला नाही. पण माझ्या घशातून जे निघत होतं ते ‘होय’ नव्हतं, हे मात्र मला पटलं.

रविवारी जयाचा व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, आवाज तुटतोय. मागून जावई सौरभ म्हणाले, बाबा, राउटर बंद करून चालू करा. मी केलं. पुढच्या रविवारीही आवाज तुटला, तेव्हा त्यांनी तिकडे बसून इकडे नवा राउटर मागवला आणि तो बसवायला माणूस पाठवला. चित्र आता इतकं स्वच्छ दिसू लागलं की माझी वाढलेली दाढी आणि मागच्या कपाटावरची धूळ जयाला मेलबर्नहून दिसली आणि दोन्हींबद्दल मला बोलणी बसली. आवाज तुटतच राहिला. तो राउटरचा नसून माझा आहे हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती कदाचित आली असती. ती यावी असं मला फार वाटत होतं, पण ती माझ्या घशासाठी यावी असं वाटत नव्हतं.

तिसरा घोटाळा सोसायटीच्या बैठकीत झाला. विषय पुनर्विकासाचा होता. आमचे सेक्रेटरी ज्ञानदेव मोहोळ ‘बिल्डर विश्वासू आहे’ असं म्हणाले आणि नेमकं तेव्हाच माझ्या घशात आंबट पाणी आलं. मी घसा खाकरला. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, पुढे ‘नियमांत बसणारं आहे’ म्हणाले, आणि मला परत खाकरावं लागलं. पुण्यात माणूस भर सभेत दोनदा घसा खाकरतो तेव्हा त्याला घशाचा विकार आहे असं कुणी समजत नाही. इतिवृत्तात ‘श्री. शितोळे यांनी घसा खाकरून तीव्र विरोध दर्शविला’ असं छापून आलं. विरोधी गटाची माणसं घरी येऊन माझा हात हातात घेऊन गेली, आपल्याला असाच कणखर माणूस हवा होता म्हणाली. खरं तर मी पुनर्विकासाच्या बाजूचा होतो, पण ते सांगायला आवाज लागतो.

मग सल्ले सुरू झाले. गच्चीवर, जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, जो भेटेल तो माझ्या पोटाचा मालक. एकाने सकाळी उठल्यावर लिंबूपाणी सांगितलं, दुसऱ्याने आवळ्याचा रस, तिसऱ्याने कोकम. आम्लपित्तावर लोक जे उपाय सांगतात त्यातले निम्मे आंबट का असतात, हे मला अजून कळलेलं नाही. मी ते सगळे केले. आयुष्यात प्रथमच इतकी माणसं माझी विचारपूस करत होती, त्यांना नाही कसं म्हणणार? त्या आठवड्यात खोकला वाढला आणि भिंतही जास्त वाजली. तेव्हा मी ठरवलं की हा खोकला बंद करायचाच. प्रकृतीसाठी नव्हे. त्या बाईंना माझ्या भिंतीवर हात उगारायची संधी पुन्हा मिळता कामा नये, यासाठी.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून माझा घसा पडद्यावर दाखवला. तो लालभडक होता आणि त्याची प्रतिष्ठा राखली जावी असं त्यात काही दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, आवाज कधीपासून बसलाय? मी म्हणालो, सांगता येत नाही. मग घरच्यांना विचारून सांगा, ते म्हणाले. मी म्हणालो, घरचे नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न जरा हळू आवाजात विचारला. मला तो हळू आवाज आवडला नाही.

पण माणूस हुशार होता. म्हणाले, अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते, ती सैल पडली की आम्ल वर येतं. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणजे दरवाजा नीट बसत नाही आणि गळती होते आहे. हे त्यांनी आधीच सांगितलं असतं तर मी इतका घाबरलो नसतो, आमच्या प्रत्येक कालव्यावर असा एक दरवाजा होता. तरी मी शंका काढली की पाणी उताराकडे जातं, मग हे वर कसं चढतं? तुम्ही आडवे झालात की उतार राहतो कुठे, ते म्हणाले. पस्तीस वर्षं उतारांवर पगार घेतलेल्या मला हे एका घशाच्या डॉक्टरने सांगावं लागलं. उपाय असे: सकाळी उपाशीपोटी गोळी, झोपण्याआधी तीन तास जेवण, चहा कमी, डाव्या कुशीवर झोपणं, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू सहा इंच वर. उशा वाढवायच्या नाहीत, त्याने मानच मोडते. अख्खा पलंग उचलायचा. आणि दात दाखवून घ्या, म्हणाले.

दातांच्या डॉक्टर सोनालीताई वयाने पूर्वाएवढ्या. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि वरच्या दातांची आतली बाजू झिजल्याचं सांगितलं. आंबट पाणी तोंडात आलं की काय करता, त्यांनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं की लगेच उठतो आणि खसाखसा ब्रश करतो, कितीही वाजलेले असोत. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. म्हणाल्या, आम्लाने दाताचा वरचा थर मऊ पडलेला असतो आणि तेवढ्यात तुम्ही तो खरवडून काढता. साध्या पाण्याने चूळ भरा, ब्रशला तासभर हात लावू नका. ओल्या बांधावर खराटा मारण्यातला तो प्रकार होता, आणि मी तो स्वच्छतेच्या नावाखाली वर्षभर करत होतो. जाताना त्यांनी कार्डावर माझं नाव वाचलं आणि म्हणाल्या, ‘यज्ञेश्वर. मग पोटातल्या आगीची तक्रार करायची नाही काका.’ मी हसलो, पण त्यात आवाज नव्हता.

रात्रीचा डबा साडेआठला यायचा आणि त्यात तिखट जाळ. तो बंद केला आणि मीच मुगाची खिचडी करू लागलो. साडेसहाला जेवण उरकायचं. माणसाने इतक्या लवकर जेवू नये. जेवण हे संध्याकाळचं शेवटचं काम असतं, ते उजेडात संपलं की पुढची संध्याकाळ फार मोठी होते.

आता पलंग. पायांखाली विटा ठेवल्या की झालं, असं मी धरून चाललो होतो. खाली वाकून बघितलं तर पलंगाला पायच नव्हते. तो पेटीचा पलंग होता, जमिनीवर बूड टेकून बसलेला, आणि त्याच्या पोटात जयाचा अर्धा संसार. म्हणजे सुतार आला. सुतारकाम म्हटल्यावर सोसायटीचा अर्ज आला. ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात मी ‘उंची वाढवणे’ असं लिहिलं तेव्हा ज्ञानदेव मोहोळांचं पेन थांबलं. पुनर्विकासाचे दिवस आहेत शितोळे, म्हणाले, आणि तुम्ही विरोधी गटाचे, उंची वाढवण्याचे लोक नाही नाही ते अर्थ काढतील. शेवटी ‘पलंगास उतार देणे’ यावर तडजोड झाली. पण ठोकाठोक होणार, तेव्हा ज्यांची भिंत लागून आहे त्यांची हरकत नसल्याची सही हवी. ती भिंत कुणाची होती हे सांगायला नकोच.

मी दुपारी विजयमालाबाईंची बेल दाबली. दार अर्धं उघडलं. मी कागद पुढे केला. त्यांनी तो उभ्याउभ्याच पूर्ण वाचला.

“खोकल्यासाठी?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“याने बंद होईल?”

“अगदी बंद होईल,” मी म्हणालो. त्यात थोडी धमकी होती.

त्यांनी पेन मागितलं, कागद दाराला टेकवला, पण सही करायला वेळ लावला. मग सही करून कागद परत देताना म्हणाल्या, “बंद झाला तर कळणार कसं?”

दार लागलं. आयुष्यभर पुण्यात राहिल्यामुळे टोमणा आला हे मला कळतं, त्याचा अर्थ मागाहून शोधायचा असतो. बंद झाला तर झोप लागेल, त्यावरून कळेल बाई, असं उत्तर मला जिन्यात सुचलं.

युसूफभाई नाना पेठेतून आले. काम चोख, पण हातापेक्षा तोंड वेगाने चालायचं. पेटी उचलायची तर आधी रिकामी करायला हवी, म्हणून मी पलंगाच्या पोटातलं सगळं हॉलमध्ये मांडलं. गोधड्या, पितळी डबे, पूर्वाची शाळेतली प्रगतिपुस्तकं, जयाचा तपकिरी स्वेटर. तिकडे थंडी पडली की ती हाच स्वेटर शोधत असेल, असं वाटून मी तो जरा वेळ मांडीवर घेऊन बसलो. युसूफभाईंनी विचारलं, “साहेब, कुठली बाजू उचलायची?” मी म्हणालो, डोक्याकडची. तेवढ्यात खालून निरोप आला की लाकडी ठोकळे घेऊन आलेला टेंपो फाटकावर अडवला आहे, कारण अर्जावर सोसायटीचा शिक्का उमटलेला नाही. मी खाली गेलो. शिक्का होता, शाई नव्हती. शाई मिळेपर्यंत मी ठोकळे वर पाठवून खाली ओलीस म्हणून बसून राहिलो.

वर आलो तेव्हा काम झालेलं होतं. ठोकळे पेटीला स्क्रूने पक्के केलेले, वर डिंकही. मी माझी जुनी पाणसळ काढून मोजलं, बारा फुटांना एक फूट, उतार बिनचूक. कालव्याला मी इतका उतार दिला असता तर निलंबित झालो असतो. युसूफभाई भाचीच्या लग्नासाठी मिरजेच्या गाडीला पळाले.

रात्री अंग टाकलं आणि माझे पाय वर गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी इतकी अंगवळणी पडली होती की मी ती युसूफभाईंनाही सांगितली नव्हती. आमच्या बेडरूममध्ये दिव्याची बटणं उत्तरेच्या भिंतीला आहेत, म्हणून पलंगाची नक्षीदार पाठ उत्तरेला लागली. पण इथे राहायला आलो त्या पहिल्याच दिवशी जया म्हणाली की उत्तरेला डोकं माणूस गेल्यावर करतात. तिने उशा उचलून पायथ्याला ठेवल्या. तेव्हापासून आम्ही नक्षीकडे पाय आणि विजयमालाबाईंच्या भिंतीकडे डोकं करून झोपत आलो. युसूफभाईंनी जगातला कोणताही सुतार उचलेल तीच बाजू उचलली होती. त्या रात्री माझ्या पोटातलं जे कधी वर आलं नव्हतं तेही आलं. मी खोकत होतो, भिंत वाजत होती, मी खोकत होतो, भिंत वाजत होती. दोघांनाही उसंत नव्हती.

सकाळी मिरजेला फोन लावला. मागे सनई वाजत होती. माझं कुजबुजणं युसूफभाईंना कसंबसं कळलं.

“साहेब, मग डोकं तिकडं करा ना,” ते म्हणाले. “पलंग तर तोच हाय.”

बोलणं बरोबर होतं. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. धरणाच्या पायाभरणीला नारळ फुटायचा तेव्हासुद्धा मी मोजमापाकडे बघत असायचो. तरी त्या दिवशी रात्री उशा नक्षीकडे नेताना मी जयाच्या फोटोकडे पाठ केली. पडलो. डॉक्टरांनी डावी कूस सांगितली होती. आजवर डावीकडे माझं कपाट असायचं. डोकं फिरवल्यावर डाव्या हाताला जयाची बाजू आली. ती रिकामी बाजू मी इतके दिवस पाठीमागे ठेवून झोपत होतो, हे मला तेव्हा कळलं. मी हात तिकडे ठेवला. चादर गार होती. मला रडू येईल असं वाटलं, पण त्याआधी झोप आली. पाणी उताराने जिथे जायचं तिथे गेलं आणि तिथेच राहिलं.

इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. जाग आली ती बोलण्याने.

“माणूस सरळ होता,” ज्ञानदेव मोहोळ म्हणत होते. “बैठकीत विरोध करायचे, पण मागून बोलायचे नाहीत.”

“अहो, उत्तरेला डोकं केलंय,” हा विजयमालाबाईंचा आवाज. “एरवी इकडे असायचं. माझ्या भिंतीकडे.”

“स्वतःच करून घेतलं की काय?” मोहोळ म्हणाले. “म्हणजे आधीच कळलं असणार त्यांना. मोठा माणूस.”

वॉचमनने टोपी काढली होती. डोळे किलकिले करून मी हे सगळं पाहत होतो. आपल्याबद्दल इतकं बरं बोललं जात असताना मध्ये उठणं मला प्रशस्त वाटेना. पण दिवसभर असं पडून राहणंही शक्य नव्हतं. मी घसा खाकरला. या वेळी तो विरोध म्हणून कुणी लिहून घेतला नाही. मोहोळ मागे सरकत दाराबाहेर गेले आणि हॉलमध्ये अजून तसेच पडलेल्या पितळी डब्यांवर बसले.

उठून बसलो. विजयमालाबाईंच्या एका हातात माझ्या दाराला अडकवलेली दुधाची पिशवी होती, दुसऱ्या हातात किल्ली. त्यांचे केस विंचरलेले नव्हते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

“खोकला का नाहीत?” त्या म्हणाल्या.

रागावल्या होत्या. मी म्हणालो की बंद झाला, तुम्हीच सही दिली होतीत.

“मी वाजवलं. दोनदा वाजवलं. उत्तर नाही. पहाटेपर्यंत बसून होते. मग दूध तसंच बाहेर दिसलं.”

“कसलं उत्तर?”

“कसलं म्हणजे? तुम्ही खोकता. मी वाजवून विचारते, ठीक ना. तुम्ही परत खोकता. मग मी झोपते. इतके दिवस चाललंय की आपलं.”

मोहोळ आणि वॉचमन माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मला वाटलं तुम्ही तक्रार करता.

“तक्रार करायची असती तर मोहोळांना पत्र दिलं असतं. भिंतीवर हात कशाला दुखवून घेऊ?”

मोहोळांनी मान डोलावली. पत्र हा मार्ग त्यांना पटला होता. किल्ली कुठली, मी विचारलं. जयाताई जाताना देऊन गेल्या, बाई म्हणाल्या. मला बोलली नाही, मी म्हणालो. बोलल्या असत्या तर तुम्ही मागून घेतली असती, त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

मोहोळ आणि वॉचमन गेले. जाताना मोहोळांचा चेहरा किंचित उतरलेला होता, फलकावर लावायचा मजकूर त्यांनी मनात तयार केला असावा. विजयमालाबाई दुधाची पिशवी ओट्यावर ठेवून दाराशी थांबल्या. मी म्हणालो, तुम्हाला फार त्रास झाला, यापुढे होणार नाही, आता खोकला येणार नाही.

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “एक्स्चेंजमध्ये पलीकडून बोलणं ऐकू आल्याशिवाय मी हात काढत नसे. सवय आहे.” मग लिफ्टमध्ये बघतात तसं दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाल्या, “आणि तुमचं कळतं तरी. मी खोकत नाही.”

त्या गेल्या. त्यांच्या दाराची कडी लागली ती मला ऐकू आली. मी पलंगाच्या उतारावर बसून होतो आणि मला वाईट वाटत होतं. आपण एकटे आहोत याचा मला जो काही अभिमान होता, त्यात भिंतीपलीकडचं माणूस मी कधी धरलंच नव्हतं.

पुढची प्रगती सांगतो. आवाज हळूहळू भरून येतो आहे. दातांवर सोनालीताईंनी लेप लावला आहे आणि मी शहाण्यासारखा चूळ भरतो. युसूफभाई मिरजेहून लाडू घेऊन आले. पलंग बघून, दुसरी बाजू उचलू का म्हणाले, मी नको म्हणालो. विरोधी गटाचा मी अजून नेता आहे. परवाच्या रविवारी जया म्हणाली, आज आवाज किती स्वच्छ येतोय, राउटर चांगला निघाला. तो माझा घसा होता, मी म्हणालो. ती गप्प झाली. चित्र स्वच्छ असल्यामुळे ते गप्प होणंही मला नीट दिसलं. मग तिने तिकिटं कधीची स्वस्त असतात ते सौरभना विचारलं. मी मध्ये बोललो नाही.

राहता राहिली भिंत. त्या सकाळनंतरच्याच रात्री खिचडी जिरली, गोळ्यांचा डबा जागेवर ठेवला, उशा नक्षीकडे लावल्या. दिवा घालवण्याआधी मी उठून पलंगाच्या पायथ्याकडे गेलो आणि भिंतीवर बोटांनी वाजवलं. टकटकटक. आपलं वय काय आणि आपण करतो आहोत काय, असं वाटून मला घाम फुटला. पलीकडे शांतता होती. मी वाट बघितली. परत वाजवावं की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात पलीकडून खोकल्याचा आवाज आला. आजारी माणूस कसा खोकतो हे मला नीट माहीत आहे. हा तसला खोकला नव्हता.

मी दिवा घालवला आणि उत्तरेला डोकं करून झोपलो.